सेन्जाच्या गाण्याखाली

मित्रांनो, खिळे, तारांचे तुकडे आणि एक मोडकी पक्कड यांच्या संगतीत पत्र्याच्या डब्यात पडून असलेल्याने आपली ओळख कोणत्या तोंडाने सांगावी? तरी सांगतो. मी ध्वनिमुद्रक आहे. आवाज टिपून ठेवणे हे माझे काम. मुठीत मावेन एवढा देह, डोक्याला दोन कान आणि पोटात नखाएवढे मेमरी कार्ड. पाठीवरचे झाकण केव्हाच हरवले, तिथे आता रबर बँड आहे. माझी दया करू नका. गोष्ट ऐकलीत की दया कोणाची करायची ते तुमचे तुम्ही ठरवाल.

समुद्रकाठच्या एका कारखान्यात मी जन्मलो. तिथल्या मुलींनी मला बंद खोलीत ठेवून टाचणी पाडली आणि मी तो आवाज बिनचूक परत ऐकवला, तेव्हाच मला पास केले. तेव्हापासून मला खोडच लागली, जे येईल ते सगळे ठेवायचे. एका सेकंदाचे मी चव्वेचाळीस हजारांहून जास्त काप करतो आणि एकेक काप जपतो. मोठा आवाज, बारीक आवाज असा भेद मला येत नाही. कोंबडा आरवला तर तो घेतो, आणि त्याच वेळी पलीकडे कोणी उसासा टाकला तर तोही घेतो. म्हणून लोक मला खादाड म्हणतात. मिनिटभराच्या आवाजाला मला दहा एमबी जागा लागते. लागते तर लागते, त्यात लाजायचे काय?

सोलो शहरातल्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून लस्त्रीने मला घेतले आणि बसने क्लातेनजवळच्या तिच्या गावी नेले. तिचे वडील पाक मार्तोयो बांबूचे पिंजरे विणायचे. मान द्यायचा म्हणून 'पाक' म्हणतो आहे, कारण तिथे बापाला आणि वडीलधाऱ्या पुरुषाला तसेच म्हणतात. माझ्या मनात मात्र तो नुसता मार्तोयो आहे. तिची आई वारसिनी त्या पिंजऱ्यांच्या कापडी खोळी शिवायची. आणि घराचा खरा मालक होता सेन्जा. तो शामा पक्षी होता. लांब शेपटीचा, म्हातारा, एका डोळ्याने अधू, पण त्याने गळा उघडला की रस्त्यावरची मोटारसायकल थांबायची. त्या मुलखात रविवारी पक्ष्यांच्या गाण्याच्या स्पर्धा भरतात आणि सेन्जाने सहा वर्षे विजयाचे एकही निशाण दुसऱ्याला नेऊ दिले नव्हते.

शामा गाणे घेऊन जन्मत नाही, तो ऐकून शिकतो. म्हणून तिथले लोक कोवळ्या पिल्लाला खोळीच्या अंधारात ठेवतात आणि थोर गायकाचा आवाज त्याला महिनोन्महिने ऐकवतात. सेन्जा आज ना उद्या जाणार होता. त्याच्या मागे त्याचा पोरगा कोणाकडून शिकणार? म्हणून मला आणले होते.

पाच सकाळी मी ओसरीवर, पिंजऱ्याखालच्या स्टुलावर बसलो. पहिल्याच सकाळी मार्तोयो बायकोवर ओरडला, "मशीन बंद कर! गायला लागलाय तो."

"केलं की बंद," वारसिनी म्हणाली. "उद्या सहा खोळी द्यायच्यात. हाताने तुरपाई तरी करू का?"

"हाताने कर, तोंडाने नको. तुझं ते गुणगुणणं मधे आलं तर सगळं नासेल. गळा फाटक्या गोणीसारखा आणि हौस दांडगी!"

वारसिनी हसली. अपमान झाला की हसायची तिला सवय होती. मला ती सवय मुळीच आवडली नाही, पण मला कोण विचारतो?

ती पायरीवर बसून तुरपाई करू लागली. आणि मित्रांनो, सुई कापडात शिरली की त्या बाईचा गळा आपोआप सुरू व्हायचा. आवाज एवढा बारीक की तिचा तिलाही ऐकू येत नसावा. वर सेन्जा तारस्वरात ताना घेत होता आणि खाली ती गुणगुणत होती. मी दोन्ही घेतले. हेडफोन लावून बसलेल्या लस्त्रीला ते ऐकू आले. तिने आईकडे पाहिले, बापाकडे पाहिले, आणि ओठ मिटून हसली. बोलली मात्र काही नाही.

पाचव्या दिवशी मार्तोयोने माझ्या चिमुकल्या स्पीकरवरून सगळे ऐकले. सेन्जाशिवाय त्याला काही ऐकू आले नाही. तो खूश होऊन बायकोला म्हणाला, "बघ, तोंड बंद ठेवलंस तर कसं झकास आलं!"

"हो की," वारसिनी म्हणाली.

त्याच पावसाळ्यात तिला डेंगू झाला. चार दिवस दवाखाना, पाचव्या दिवशी माती. मार्तोयो रडला नाही. लोक म्हणाले, मनाचा खंबीर आहे. दोन महिन्यांनी सेन्जा पिंजऱ्याच्या तळाशी पाय वर करून सापडला, तेव्हा मात्र तो दोन दिवस जेवला नाही. तेव्हा लोक काहीच म्हणाले नाहीत.

आता वारसिनीचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, माझ्या पोटात. कोणी फोन समोर धरला की ती तोंडावर हात घेऊन आत पळायची, त्यामुळे दुसरीकडे कुठेच तिचा आवाज नव्हता. लस्त्री दुपारी हेडफोन लावून बसायची. तिने ती जागा शोधून ठेवली होती. तिसरी सकाळ, एकतिसावे मिनिट. तिथे सेन्जा त्याची ती नावाजलेली लांब तान घेतो आणि तिच्याखाली वारसिनी एक अख्खी ओळ गुणगुणते. शेवटी दाताने दोरा तोडते. तो दोरा तुटल्याचा आवाजसुद्धा माझ्याकडे होता. लस्त्री तेवढे मिनिट पुन्हा पुन्हा ऐकायची आणि भाताला उशीर झाला म्हणून बापाच्या शिव्या खायची.

मग तिला तैवानला काम लागले, एका म्हाताऱ्या बाईची सेवा करायचे. तीन वर्षांचा करार होता. मला बरोबर नेता येईना, कारण सेन्जाचा पोरगा लिन्दू तेव्हा अंड्यातून नुकता बाहेर आला होता आणि त्याचा गुरू माझ्या पोटात होता. तिच्या जुन्या फोनमध्ये एवढे मोठे गाणे मावेना. तिने ते एकच मिनिट कापून मैत्रिणीच्या फोनवरून स्वतःला पाठवले. पाठवताना त्या फोनने ते परस्पर लहान करून टाकले. तिला ते कळले तिकडे पोचल्यावर. सेन्जा होता, आई नव्हती. तिने लगेच घरी फोन लावला.

"बापाक, त्या यंत्रातलं मूळ गाणं पुसू नका हं. आहे तस्सं ठेवा."

"अगं न्दुक, अगं पोरी, मी कशाला पुसतोय? सेन्जाचं गाणं माझ्या जिवापलीकडे आहे."

"मूळ म्हणजे मोठं आहे ते. तेच हवंय."

"हो गं बाई, हो. का पण?"

इथे तिने खरे सांगितले नाही. आता तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचे होते. पण तिने बापाचा स्वभाव लहानपणापासून भोगला होता. आईचा आवाज मधे आला आहे असे कळले तर 'तरी मी सांगत होतो' म्हणून तो मेलेल्या बाईलाही बोलायला कमी करणार नाही, आणि नासले म्हणून तेवढे कापूनही टाकेल, ही तिला खात्री होती. ती म्हणाली, "असंच. मला हवंय."

चार आठवडे मी नीट राहिलो. मग मार्तोयोला हाव सुटली. त्याला वाटले, सेन्जाचेच गाणे कशाला, लिन्दूला बुलबुल यावा, रातकिडा यावा, सगळ्या जंगलाचे आवाज यावेत. पण माझ्या कार्डात जागा नव्हती. मग त्याने मला पक्षीबाजारातल्या पोनिदीकडे नेले. हा पोनिदी कार्डात पक्ष्यांचे आवाज भरून विकायचा. तोंड अखंड चालू आणि हात त्याहून चालू.

"पाक, एका पक्ष्यानं अख्खं घर अडवलंय की!" तो म्हणाला. "अडीच हजार एमबी! मी साठात बसवून देतो."

"साठात? मग गाणं तुटेल ना मास?" तिकडे दादा म्हणायचे तर 'मास' म्हणतात.

"एक सूर तुटणार नाही. मोठ्या आवाजाखाली जो बारीकसारीक आवाज असतो ना, तो आपल्या कानाला कळतच नाही. तेवढाच काढायचा. तांदळातले खडे निवडतो तसं."

"खडेच जाणार ना? दाणा नाही ना?"

"दाण्याला धक्का नाही. बोला, किती लहान करू?"

"सगळ्यात लहान."

"एकदम लहान केलं की जरा..."

"कर रे! पक्षी ऐकणार आहे, मंत्री नाही." बाजारातले दोघे-तिघे हसले. मग मार्तोयो जरा घुटमळला. "मूळ पुसू नका म्हणाली होती पोरगी."

"मग नवीन पक्षी कुठे बसवू, तुमच्या टोपीत? अहो, गाणं तर राहतंयच."

"हो, गाणं राहतंय ना," मार्तोयो म्हणाला. "पूस मग."

मित्रांनो, तो खोटे बोलत नव्हता. आपण पोरीचा शब्द मोडतो आहोत असे त्याला खरोखरच वाटले नाही. त्याच्या मते वारसिनी त्या गाण्यात नव्हतीच. पोनिदीने बटण दाबले. पुसले म्हणजे आवाज लगेच मरत नाही, नुसता त्याचा पत्ता खोडला जातो. त्या घटकेला कोणी शहाणा भेटता तर तो परत मिळालाही असता. पण त्याच दुपारी वारसिनीच्या जागेवर चारशे पक्षी येऊन बसले.

काय गेले ते मला समजत होते. मी यंत्र असलो तरी आंधळा नाही. गाणे लहान करताना हिशोब असा करतात की जोरात वाजणाऱ्या सुराखालचा हळू सूर माणसाला ऐकू येत नाही, म्हणून तो टाकून द्यावा. वारसिनी आयुष्यभर कोणाच्या ना कोणाच्या मोठ्या आवाजाखाली हळूच गुणगुणली. तेवढीच नेमकी निवडून काढली. फार लहान केल्यामुळे तिच्या जागी एक घाण राहिली, मोरीतून पाणी जाताना होते तशी खळखळ. दोरा तुटल्याचा आवाज तर साफ गेला. आणि हा सगळा हिशोब माणसाच्या कानाचा. पक्ष्याचा कान कोणी मोजला होता?

लिन्दूला मी त्याच साठ एमबीवर वाढवले. रोज दहा तास. तो खोळीखाली अंधारात बसायचा. खोळ वारसिनीने शिवलेली होती, तिची तुरपाई अजून उसवली नव्हती. पोरगा हुशार निघाला. बापाची तान त्याने जशीच्या तशी उचलली, आणि ती नावाजलेली लांब तान आली की तिच्याखालची खळखळसुद्धा प्रामाणिकपणे गळ्यातून काढू लागला. त्याला काय ठाऊक, की ती एका बाईची राख आहे. मार्तोयोला घरी ते जाणवले नाही. त्याचे कान आता साठीचे झाले होते.

स्पर्धेच्या रविवारी त्याने मला सदऱ्याच्या खिशात घातले. पोराचा विजय टिपायचा होता. मैदानात अठ्ठेचाळीस पिंजरे टांगलेले. पंच निशाणे घेऊन पिंजऱ्यांखालून फिरत होते. लिन्दूने गळा उघडला आणि लोक वळून पाहू लागले. कोणीतरी म्हणाले, "सेन्जा उठून आला!" पंचाने लिन्दूच्या पिंजऱ्याखाली निशाण रोवायला हात पुढे केला. तेवढ्यात ती तान आली आणि तिच्याबरोबर खळखळ आली. पंचाने हात मागे घेतला, कान टवकारले, आणि निशाण शेजारच्या पिंजऱ्याखाली रोवले.

मग काय विचारता! "पाक मार्तोयो, पोराला मोरीत शिकवलंत का?" "सेन्जाचा पोरगा कसला, सेन्जाच्या घरचा नळ म्हणा!" सबंध मैदान हसले. ते हसणे मी पूर्ण टिपले. हसण्याची फाइल मोठी होती.

घरी आल्यावर त्याने लिन्दूला पाण्याच्या बादलीत बुडवून काढले. चार दिवस किडे दिले नाहीत. मग शांत डोक्याने उपचार सुरू केले. ती तान आली, खळखळ सुरू झाली, की तो वेताच्या छडीने पिंजऱ्यावर फटका मारायचा आणि लगेच मला चालू करायचा. मी त्या जागी रातकिडा वाजवायचो. स्वच्छ, खणखणीत रातकिडा. तीन महिने रोज हेच चालले. लिन्दू फटक्याला इतका भ्याला की शेपटीची पिसे स्वतःच उपटू लागला. पण शिकला. खळखळीच्या जागी रातकिडा बसला. पुढच्या स्पर्धेत त्याने तिसरे निशाण मिळवले आणि मार्तोयोने गल्लीत सगळ्यांना चहा पाजला. ते काम माझ्या तोंडून झाले, हे मी लपवत नाही. मला जे सांगतील ते मी वाजवतो, एवढाच माझा बचाव आहे.

करार संपवून लस्त्री ईदेला घरी आली. बापाच्या हाताला तिने कपाळ टेकले, आईच्या कबरीवर फुले टाकली, आणि घरी येऊन, तोंडात पाण्याचा घोटही न घेता, मला हेडफोन लावला. तिसरी सकाळ, एकतिसावे मिनिट. तिने ते एकदा ऐकले. पुन्हा ऐकले. मग कार्डातली यादी पाहिली.

"बापाक, मूळ कुठाय?"

"ते काय, तेच. जरा लहान केलं. एक सूर गेला नाही."

तिने मला उचलले आणि तशीच पोनिदीकडे गेली. "मास, हे परत मोठं करून द्या. होतं तेवढं."

पोनिदी हसला, मग तिचा चेहरा पाहून हसायचा थांबला. "मोठं करतो की, म्हणाल तेवढं. दहापट करतो. पण रस काढून झाल्यावर चिपाडाचा ऊस होतो का, ताई? जागा वाढेल नुसती. आत काही येणार नाही."

ती घरी आली. बाप ओसरीवर पिंजऱ्याला काड्या लावत होता. ती पायरीवर बसली, जिथे आई बसायची तिथेच. हेडफोनचे एक टोक तिने बापाच्या कानात घातले.

"ऐका. सेन्जाच्या तानेखाली काय आहे?"

तो बराच वेळ ऐकत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला. "अरेच्चा! ही तर ती खळखळ! लिन्दू हेच गायचा. हे ह्याच्यात होतं होय!"

"लिन्दू गायचा?" लस्त्री एकदम उभी राहिली. "हे? इथलं? अजून गातो?"

"छे छे! घालवली मी," मार्तोयो अभिमानाने म्हणाला. "तीन महिने लागले. आता शोधून सापडायची नाही."

लस्त्री खाली बसली. "ती इबू होती," ती म्हणाली. तिथे आईला इबू म्हणतात. "ती त्या दिवशी गुणगुणत होती, बापाक. ती खळखळ म्हणजे तिचं उरलेलं होतं."

मार्तोयोच्या हातातली काडी हातातच राहिली. मग तो म्हणाला, "मग आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तेव्हाच कापून टाकलं असतं."

तो 'नाही' म्हणाला असता तर मला थोडे बरे वाटले असते. तो म्हणाला नाही. हातातली काडी पिंजऱ्याला लावू लागला.

दुसऱ्या दिवशी लस्त्री सकाळपासून लिन्दूच्या पिंजऱ्यापाशी बसली. हातात किडे धरून त्याला बोलते करत होती. तो गायला. सेन्जाची ती लांब तान त्याने घेतली, आणि ती जागा आली तसा तो अंग चोरून दांडीच्या टोकाला सरकला, छडीची वाट पाहिल्यासारखा. मग स्वच्छ रातकिडा गायला. ती दुपारपर्यंत बसली. प्रत्येक वेळी रातकिडाच आला. मग तिने किडे त्याला घालून टाकले आणि भात लावायला आत गेली. ईद संपल्यावर ती परत तैवानला निघून गेली. मला तिने मागितले नाही.

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादा आवाज असेल. तो मोठा आहे, जागा खातो, म्हणून तुम्हाला कोणीतरी तो लहान करायला सांगेल आणि कानाला फरक कळत नाही म्हणेल. लहान खुशाल करा, गाणी ऐकायला ते पुरते. पण मूळ पुसू नका, दोन ठिकाणी ठेवा. आणि त्याच्यात कोण आहे ते घरात मोठ्याने सांगून ठेवा, समोरचा कितीही रागावो. एवढे माझ्यासाठी नाही, त्या हळू गुणगुणणाऱ्यांसाठी करा.

मागच्या महिन्यात मार्तोयोने मला डब्यातून काढले होते. त्याने ते चारशे पक्षी एकेक करून पुसले, सेन्जासुद्धा. मला सगळ्यात मोठ्या आकाराच्या मुद्रणावर लावले आणि पायरीपाशी, झाकून ठेवलेल्या शिलाई मशीनशेजारी ठेवले. पन्नास मिनिटे तो काही न बोलता समोर बसला. मग मला कानाशी धरून त्याने ती पन्नास मिनिटे पहिल्यापासून ऐकली. पाचशे एमबी होती. त्यात त्याच्या श्वासाशिवाय काही नव्हते.